गुहागरला कॅम्परव्हॅन लावून समुद्राचा एक दिवस, आणि त्याआधी तिथी

कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात निघालेले ओळखीतले लोक पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात की गुहागरला मुक्काम केला तर एका दिवसात काय काय बघून होईल, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी कालनिर्णयमध्ये तिथी बघा आणि मग ठिकाणं ठरवा. घर सोबत आहे म्हणजे कधीही उठावं, कुठेही जावं असं वाटतं खरं, पण किनाऱ्यावरचं टाइमटेबल समुद्रच लावतो.

हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो म्हणून मोबाईलवर रत्नागिरीचं भरतीचं टेबल पण बघून घ्या, पण महिनाभर आधी सुट्टी टाकताना हा तोंडी हिशोब फार कामाचा आहे. दुसरं म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. लहान मुलं सोबत असतील तर मी भांगाचे दिवस निवडेन.

आता हे सगळं कशासाठी, तर हेदवीच्या बामणघळीसाठी. उमामहेश्वराच्या देवळाशेजारी काळ्या कातळाला एक अरुंद भेग आहे, भरतीला लाट त्या भेगेत जोरात घुसते आणि पुढे जायला जागा नाही म्हणून पाणी उंच उसळतं, इतकं की लांब उभं राहूनही अंगावर तुषार येतात. ओहोटीला तिथे गेलात तर नुसती एक कोरडी चीर दिसते आणि लोक "एवढंच होय" म्हणून परत फिरतात, मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून माझी आवडती तिथी द्वादशी, बाराचे पाऊणपट नऊ, सकाळी नऊला भरती. गुहागरहून हेदवी साधारण चोवीस-पंचवीस किलोमीटर, पण वळणाचा अरुंद रस्ता, तासभर धरा, साडेसातला निघा. घळीच्या कडेला मात्र जाऊ नका, कातळावर शेवाळ असतं आणि मोठी लाट सांगून येत नाही.

मग हेदवीचा दशभुज गणपती, आणि जेवायला वेळणेश्वर. उकडीचे मोदक हवे असतील तर घरगुती खानावळीत आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी नारळ खवून, उकड काढून कोण करणार. जेवून तिथेच माडांच्या सावलीत पडा, झोपायला गुहागरला व्हॅनकडे परतू नका, दुपारच्या उन्हात ती तव्यासारखी तापते, आत झोपणं शक्य नाही. तीनला ओहोटी होते, वेळणेश्वरचा किनारा छान रुंद होतो, आणि पाचपर्यंत परत गुहागरला आलात तर ओल्या घट्ट वाळूवरून सूर्यास्तापर्यंत चालत राहता येतं. आईला गुडघ्यामुळे मऊ वाळूत चालवत नाही, ती ओहोटीच्या वाळूवर आरामात फिरली, तेव्हापासून मी हा हिशोब सगळ्यांना सांगत असते.

या दिवसभराच्या फेरीला व्हॅन नेऊ नका असं मला मनापासून वाटतं. गुहागरच्या वाड्यांमधल्या पाखाड्या, म्हणजे गल्ल्या, अरुंद, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा, उंच गाडीला प्रत्येक वळणावर उतरून बघावं लागतं. एखाद्या होमस्टेच्या आवारात भाडं ठरवून व्हॅन लावा, पंधरा अँपिअरचा प्लग आणि पाण्याचा नळ आहे का ते फोनवरच विचारा, आणि फिरायला दिवसभराची रिक्षा ठरवा. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची हे पण आधीच विचारा, कोकणात त्यासाठी वेगळी सोय मिळत नाही, घरमालकाच्या संडासातच, त्यांच्या परवानगीने. किनाऱ्यावर किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, काहीही सोडायचं नाही. आंघोळीचं पाणी बहुतेक घरी केळी-माडांना जातं, तिथे सोडायला ते हो म्हणतात, फक्त साबण कमी वापरा.

आणि वाळूत गाडी घालायची नाही, कितीही मोह झाला तरी. ओहोटीला वाळू घट्ट दिसते म्हणून लोक गाडी नेतात, चाक रुततं, आणि भरती येईपर्यंत हाताशी जेमतेम काही तास असतात, अशा बातम्या दर सुट्टीत वाचायला मिळतात. शिवाय गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वाळूखाली घरटी असतात. रात्री समुद्राकडे तोंड करून व्हॅनचे दिवे लावू नका, पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात.

दुसऱ्या दिवशी दापोलीकडे जायचं असेल तर धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे, गाड्या घेते आणि चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. पण मोठी व्हॅन असेल तर आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन लांबी-उंची सांगून विचारून या. पाणी उतरलेलं असताना उताराचा कोन वाढतो आणि लांब गाडीचा मागचा भाग घासू शकतो, म्हणजे इथे पण भरतीच्या जवळची फेरी बरी. द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाला, तर नाश्त्याला घावणे खाऊन, व्हॅनचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन नऊपर्यंत धोपाव्याला पोचा.