ऋषिपंचमी, शेक संपल्यानंतरचा एकोणिसावा दिवस

आज पहाटे चार वाजता जाग आली ती तोंडामुळेच. झोपेत तोंड उघडे राहते आणि लाळ जेमतेम उरली असल्याने जीभ टाळूला चिकटून बसते. ती ओढून सोडवली तर कडेची जखम पुन्हा उलते. उशाशी ठेवलेल्या फुलपात्रातले घोटभर पाणी घ्यायचे, तोंडात तसेच धरून ठेवायचे आणि जीभ आपणहून सुटेपर्यंत वाट पाहायची, हे आता दिवा न लावताही जमते.

इंदूरात रेडिओथेरपीला सगळे ‘सिकाई’ म्हणतात आणि आमच्या घरात तिचे ‘शेक’ झाले आहे. शब्द तसा फसवाच, कारण शेक म्हटले की दुखऱ्या कंबरेखाली ठेवलेली गरम पाण्याची पिशवी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्या टेबलावर ना ऊब जाणवते ना चटका. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, यंत्र भोवती फिरते आणि काही मिनिटांत उठवतात. जिभेच्या कडेच्या गाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर मला असे ३० शेक दिले गेले, रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे माप), आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे ६ आठवड्यांत ६० ग्रे. पहिले दहा दिवस काहीच झाले नाही, तेव्हा मी फोनवर थोडी फुशारकीही मारली होती. तिसऱ्या आठवड्यात गालाच्या आतली कातडी लाल झाली, मग तिच्यावर पांढुरके पापुद्रे आले, आणि पाचव्या आठवड्यात साधे वरणही ठेच्यासारखे झोंबू लागले.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी तिथल्या मंडळींनी हसून ‘आता सुटलात’ असे सांगितले, ह्यांनी पेढे वाटले, आणि मीही तसेच समजून घरी आले. त्यानंतरचा दुसरा आठवडा हा सगळ्यांत वाईट निघाला. कारण नंतर डॉक्टरांना पाटीवर लिहून विचारले, तेव्हा उलगडले. तोंडाच्या आतले अस्तर साधारण एक ते दोन आठवड्यांत नवे होत असते. शेक गाठतो तो हे अस्तर घडवणाऱ्या भराभर वाढणाऱ्या पेशींना, त्यामुळे जुने झिजून गेल्यावर त्याची जागा घ्यायला खाली पुरेसे काही नसते. म्हणूनच त्रास उशिरा सुरू होतो आणि शेक थांबल्यावरही तितक्याच उशिरा ओसरतो. हे दोन वाक्यांत आधी कोणी सांगितले असते, तर बाराव्या दिवशी दुखणे उलटले असे वाटून मी रात्रभर रडले नसते.

दिवसाचे वेळापत्रक चुळांवर चालते. एक लिटर पाणी उकळून गार करायचे, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवायचा, आणि दर दोन-तीन तासांनी त्याची चूळ भरायची, गिळायचे नाही. (पहिल्या वेळी ह्यांनी बेकिंग पावडरीचा डबा आणला होता आणि दोन्ही एकच, असा त्यांचा आग्रह होता. तीत सोड्याबरोबर आंबट क्षारही असतो, हे डब्यावरचे वाचून दाखवावे लागले.) नेहमीची टूथपेस्ट पुदिन्यामुळे जाळते, म्हणून नातवाची पेस्ट आणि त्याच्याच मापाचा मऊ ब्रश वापरते. दात घासणे टाळता येत नाही, कारण लाळ आटली की दात किडायला वेळ लागत नाही आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात पुढे काढणे धोक्याचे असते. जेवणाआधी बधिर करणारे जेल लावते, पण त्यात एक मेख आहे: तोंडाला गरमही कळत नाही आणि गाल दाताखाली आलेलाही कळत नाही. पदार्थ किती गरम आहे हे मनगटावर थेंब टाकून पाहते, तान्ह्या मुलाचे दूध पाहावे तसे.

शेजारच्या भाभींच्या सांगण्यावरून मी एकदा जखमेला लवंगेचे तेल लावले होते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. दाढेचे औषध जिभेला लावू नये, इतके शहाणपण पंचवीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईला असायला हवे होते.

बोलण्याचा प्रश्न निराळाच आहे. ‘ळ’ म्हणायला जिभेचे टोक मागे वळवावे लागते, आणि तसे वळवले की कडेवर ताण येऊन कळ मस्तकात जाते. सध्या माझा ‘ळ’ बंद आहे. आमचा नातू हिंदीच्या वळणाने ‘फल’ आणि ‘बाल’ म्हणतो, त्याला मी ‘फळ’, ‘बाळ’ असे दहा-दहा वेळा म्हणायला लावीत असे. काल गणपतीपुढे मी ‘केले’ म्हणून केळे मागितले, तेव्हा त्याने अगदी माझ्याच सुरात मला दुरुस्त केले. हसताना ओठाचा कोपरा फाटला, पण हसू आवरले नाही. आरती मात्र मनातल्या मनात म्हटली.

आज ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, ना मसाला ना झणझणीत फोडणी, असा हा दिवस; चाळीस वर्षांत प्रथमच वाटले की हा स्वयंपाक जणू माझ्याच तोंडाकडे पाहून ठरवला असावा. सुनेने त्यातही विचार केला. अळूने घसा खाजतो आणि ती खाज मारायला चिंच घालावी लागते, म्हणून तिने अळू आणि सुरण दोन्ही वगळले. मिरची अर्थातच नाही. लाल भोपळा, दोडका, पडवळ आणि थोडा माठ गाळ होईपर्यंत शिजवला, आणि कणसाचे तुकडे न टाकता भुट्टे किसून घातले, इथे भुट्ट्याच्या किसासाठी किसतात तसे. मग सगळे मिक्सरमधून काढून गाळले आणि मोरधनाच्या, म्हणजे वरीच्या, आसट भातावर घरच्या लोण्याच्या गोळीबरोबर वाढले.

चव म्हणाल तर लागली नाही. ती परतायला महिने लागतात, आणि मीठ व साखर यांच्यातला फरक मला अजून डोळ्यांनीच कळतो. पण भुट्ट्याचा वास आला, आणि जेल न लावता घेतलेला घास पहिल्यांदाच आग न करता घशाखाली उतरला. सातव्या-आठव्या चमच्याला काहीतरी गाळणीतून निसटून आलेले जिभेच्या धडक्या बाजूला लागले. भुट्ट्याच्या एका दाण्याची साल होती. सवयीने ती बोटाने काढून टाकणार होते, पण थांबले, तिला हळूच दाढेखाली ढकलले आणि चावले. दुखले, पण सोसण्यासारखे. सून समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाटले, काही टोचले. ‘आई, काय झालं?’ असे तिने दोनदा विचारले. पाटी खोलीत राहिली होती, म्हणून मी नुसता हात वर करून तिला थांबायला सांगितले आणि चावत राहिले.

संध्याकाळी जबड्याचा व्यायाम केला: आइसक्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून तोंड उघडण्याचा. काल तेरा काड्या मावल्या होत्या, आजही तेराच. वजन साडेएकावन्न, गेल्या आठवड्याइतकेच, म्हणजे निदान घसरलेले नाही. वहीत लिहिले: दुपारी ऋषीची भाजी, अकरा चमचे, चावली, एक साल. उद्याचे पाणी उकळून झाकून ठेवले आहे, सोडा सकाळी घालीन.