तुम्ही विचारलंत म्हणून: चिखलीहून सूर्यकिरण दिसतं का?

वास्कोजवळ चिखलीला राहते म्हटलं की पुण्या-कोल्हापुराकडच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "मग काय, दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर! सूर्यकिरणच्या कसरती गच्चीतून फुकट बघायला मिळत असतील?"

नाही हो. सूर्यकिरण हे हवाई दलाचं विमानांच्या कसरती करणारं पथक, त्याचं बिऱ्हाड कर्नाटकात बीदरला. दाबोळी नौदलाची, आयएनएस हंसा हा त्यांचा तळ. प्रवासी विमानं तिथे पाहुणी म्हणूनच उतरतात. सोमवार ते शुक्रवार सकाळची साडेआठ ते एक ही वेळ वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावासाठी राखलेली, त्यामुळे त्या वेळेचं तिकीट मिळत नाही म्हणून आमच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

पण आमच्या इथल्या नौदलाचंही असंच एक पथक होतं, आणि ते हल्ली वास्कोतल्या पोरांनाही ठाऊक नसतं. 'सागर पवन'. 2003 साली उभं राहिलेलं, चार किरण विमानांचं. जगात नौदलाची अशी पथकं मोजकीच. अमेरिकेचं 'ब्लू एंजल्स' त्यातलं नावाजलेलं. किरण म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं शिकाऊ वैमानिकांसाठीचं जेट, गुरू आणि चेला शेजारी-शेजारी बसतात असं. सूर्यकिरणही तेव्हा हीच विमानं उडवायचं, नऊ.

आमच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. विमानांच्या देखभालीत जन्म गेलेला. मी आकाशातल्या आकृतीचं कौतुक करायला लागले की ते म्हणायचे, "आकृती कसली बघतेस, कडेचं विमान बघ." चार विमानं शंकरपाळ्याच्या आकारात वळतात तेव्हा बाहेरच्या बाजूच्या विमानाला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणजे एकाने जोर वाढवायचा, दुसऱ्याने आवरायचा, आणि मधलं अंतर काही मीटरचंच ठेवायचं. म्हणून लीडर आपल्या इंजिनाचा सगळा जोर कधीच लावत नाही. त्याने लावला तर मागच्यांना गाठायला काही उरत नाही. मागचे वैमानिक जमीन, समुद्र, क्षितिज यातलं काही बघत बसत नाहीत. लीडरच्या विमानावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत धरायच्या आणि ती रेष सोडायची नाही. विमान उलटं असलं तरी तेच. खालून आपण "अरे बापरे" करतो तेव्हा वरच्याला आपण उलटे आहोत याची फिकीर करायला सवड नसते.

आणि हो, तो धूर. तो इंजिनाचा नसतो. तापलेल्या झोतात डिझेलसारखं तेल सोडतात. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत लगेच पांढरं धुकं. रंग हवा असेल तर तेलात रंग मिसळायचा. कधी सोडायचा, कधी बंद करायचा, हे लीडर रेडिओवर सांगतो.

सागर पवनचं पुढे काय झालं? 3 मार्च 2010 रोजी हैदराबादला बेगमपेटच्या हवाई प्रदर्शनात त्यांचं एक विमान वस्तीतल्या इमारतीवर कोसळलं. कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर गेले. त्यानंतर पथक बंदच झालं. वास्कोकरांना त्या दिवशी त्याआधीचा 1 ऑक्टोबर 2002 आठवला असणार. नौदलाची दोन आयएल-38 विमानं दाबोळीजवळ हवेतच एकमेकांवर आदळली होती. दोन्हींतले बाराही जण गेले, खाली जमिनीवरची माणसंही. ती टेहळणीची अवजड विमानं, कसरतींची नव्हेत. पण स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवासाठी जवळजवळ उडण्याचाच सराव चालला होता.

2013 साली नौदलात हॉक ही शिकवायची नवी जेट विमानं आली तेव्हा पथक पुन्हा उभं राहील अशी कुजबुज आमच्याकडे झाली. राहिलं नाही. मला स्वतःला त्याचं वाईट वाटत नाही. ही विमानं मुळात पोरांना शिकवायची. सूर्यकिरणसुद्धा 2011 मध्ये बंद ठेवावं लागलं ते शिकवायला विमानं कमी पडली म्हणून. 2015 मध्ये हॉकवर ते परत सुरू झालं. शिकवणं आणि मिरवणं यांत ओढाताण झाली तर शिकवणं जिंकावं, एवढंच माझं मत. काकांना ते अजिबात पटायचं नाही.

तेव्हा सूर्यकिरण बघायचंच असेल तर 'एरो इंडिया' या हवाई प्रदर्शनाच्या वेळी बंगळुरूला येलहंक्याला जा. गोव्यात आलात तर बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवीन. उघड्यावर ठेवलेलं सुपर कॉन्स्टेलेशन जवळून बघण्यासारखं आहे. फक्त दुपारी जाऊ नका, तिथे सावली कमी आहे.