दावा स्वतः चालवायचा की वकील द्यायचा? माझा अनुभव

घरदुरुस्तीचं काम अर्धवट टाकून गेलेल्या ठेकेदारानेच माझ्यावर वसुलीचा दावा लावला. समन्स हातात पडलं तेव्हा संताप इतका होता, की आपली बाजू आपणच मांडायची असं मी ठरवूनच टाकलं. कायद्याची आडकाठी नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 प्रमाणे पक्षकाराला स्वतः हजर राहून आपलं काम चालवता येतं.

मग सोबतची दाव्याची नक्कल शांतपणे वाचायला घेतली. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारणं नोंदवून ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. कैफियतीत ‘हे सगळं खोटं आहे’ एवढं लिहून भागत नाही. दाव्यातल्या एकेका कथनाला उत्तर द्यावं लागतं. जे नाकारलं नाही ते कबूल आहे असं धरलं जाऊ शकतं. हा भाग मला जमण्यासारखा होता. हिशेब, पावत्या, फोटो सगळं माझ्याकडे होतं आणि तारखांनिशी लिहायची सवयही.

अडलं ते पुढे. गळक्या छताचं नुकसान मला भरून हवं होतं. त्यासाठी त्याच दाव्यात प्रतिदावा करता येतो, पण तो स्वतंत्र दाव्यासारखाच लिहावा लागतो, त्यावर कोर्ट फी भरावी लागते आणि नुकसान सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. आमचं निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर झालेलं. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्याच्या प्रतींसोबत, त्या कुठून आणि कशा काढल्या हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. आणि ठेकेदाराची उलटतपासणी! ज्या माणसाने आपल्याला रडवलं त्याला थंड डोक्याने, नेमके प्रश्न विचारायचे. ते माझ्याच्याने होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. वाद नुसत्या कागदांवर मिटणारा असता तर मी नक्की एकटी उभी राहिले असते.

राहता राहिला खर्च. तालुका विधी सेवा समितीत चौकशी केली तेव्हा कळलं, की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. फीच्या धास्तीने एकट्याच कोर्टाची पायरी चढणाऱ्या कितीतरी बायकांना हे कुणी सांगतच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी वकीलपत्र दिलं. मात्र घटनाक्रम मीच लिहून दिला, कागदांची यादी मीच केली, कैफियतीचा मसुदा ओळ न् ओळ वाचून मगच सही केली. वकीलबाईंनीही त्यातली दोन वाक्यं माझ्या सांगण्यावरून बदलली. कैफियत आणि प्रतिदावा मुदतीत दाखल झाला. आता मुद्दे, म्हणजे न्यायालयाने नेमकं कशाकशावर निर्णय द्यायचा ते प्रश्न, निघायचे आहेत, आणि प्रत्येक तारखेला मी हजर असते.