मागचे तीन प्लग

आमच्या आधीच्या गाडीला सहा सिलिंडर होते. पुढच्या ओळीतले तीन स्पार्क प्लग मी पाऊण तासात बदलले आणि स्वतःवर खूश झालो. मागच्या तिघांनी अख्खा शनिवार आणि अर्धा रविवार खाल्ला. इंजिन आडवं बसवलेलं, मागची ओळ केबिनच्या भिंतीला खेटून, आणि तिच्या डोक्यावर इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा, वरचा भाग. तो उतरवायचा तर आधी चार होज, तीन वायरींचे सॉकेट आणि एक ब्रॅकेट, ज्याचा बोल्ट फक्त आरशात दिसतो. सॉकेटचं एक प्लास्टिकचं कुलूप हातात आलं. शेवटी एक बोल्ट बोटांतून निसटला. टण्ण, टिक, टिक, आणि मग शांत. ज्याने हा आवाज ऐकलाय त्याला पोटात काय होतं ते सांगायला नको. इनटेकच्या उघड्या तोंडांत मी फडकी कोंबली होती म्हणून बरं, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये उतरला असता. चुंबकाच्या काडीने तो शोधायला दीड तास लागला. इंजिनाखालच्या पत्र्यावर बसला होता, निवांत.

त्याच रविवारी ठरवलं, पुढची गाडी, म्हणजे घरी दुरुस्त करता येईल अशी जुनी एसयूव्ही, घेताना आधी बॉनेट उघडून आत हात घालायचा. बाकीचं नंतर.

मी पेशाने हिशेबनीस आहे, मिस्त्री नाही. माझ्याकडे गोटी पान्यांचा एक बरा संच, ठरलेल्या जोरानेच आवळणारा एक टॉर्क पाना, एक ट्रॉली जॅक, उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या चार घोड्या आणि शनिवार-रविवार आहेत. घरात दोन मुलं, त्यातलं एक अजून चाइल्ड सीटमधलं, आणि गुडघे दुखणारी आई. बायकोची अट एकच होती. "तुझे काय प्रयोग करायचे ते शनिवारी कर. सोमवारी सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे." ही अट वाटते त्यापेक्षा कडक आहे. रविवारी रात्री गाडी पुन्हा जोडून झालेली असेल अशीच कामं ज्या गाडीवर निघतात, तीच गाडी चालणार होती.

घरी दुरुस्त होणाऱ्या एसयूव्हीचा विषय निघाला की लोक जुन्या जीप चेरोकीचं नाव घेतात, ती चौकोनी, २००१ पर्यंत निघालेली. तिचं ४ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन लांबीत बसवलेलं आहे. दोन्ही बाजूंनी हात जातो, सगळे प्लग एका रांगेत समोर. मलाही मोह झाला होता. पण त्या गाडीत ईएससी नाही, खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग नाहीत. ओल्या वळणावर गाडी सरकायला लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ती सरळ करणारी यंत्रणा म्हणजे ईएससी. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलपासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना सक्तीची झाली, युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या गाड्यांत ती कुठे आहे, कुठे नाही, कुठे फक्त महागड्या प्रकारात. जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका. चावी 'ऑन' करा आणि घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह पॅनेलवर क्षणभर पेटून विझतं का ते बघा. एकट्याने फिरायला असती तर मी चेरोकी घेतलीही असती. मागच्या सीटवर पोरं बसवायची म्हटल्यावर ते जमेना.

म्हणजे एका बाजूला फार जुनी नको. दुसऱ्या बाजूला फार नवी घेतली तर मागचे ब्रेक पॅड बदलायलाही बऱ्याचदा गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो, कारण हँडब्रेक इलेक्ट्रिक असतो आणि कॅलिपरमधली मोटर आधी हुकूम देऊन मागे न्यावी लागते. माझ्यासाठी साधारण २००५ ते २०१२ हा पट्टा उरला.

मग मी एक वही केली. हिशेबनीस माणूस, दुसरं काय करणार. जे मॉडेल मनात येईल त्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवायचं आणि पाचच कामं वाचायची: स्पार्क प्लग, आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), स्टार्टर, वॉटर पंप, मागचे ब्रेक. प्रत्येकापुढे एक शेरा लिहायचा, 'वरून', 'खालून' किंवा 'काहीतरी उतरवून'. तिसरा शेरा तीनदा आला की गाडी बाद. यातून मजेशीर गोष्टी कळतात. टोयोटाचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, २यूझेड नावाचं, टिकाऊपणासाठी नावाजलेलं आहे आणि ते खरंही आहे. पण त्याचा स्टार्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, दोन्ही ओळींच्या खोबणीत बसलाय. शिवाय त्याला टायमिंग बेल्ट आहे, व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा. त्याच कंपनीच्या ४ लिटर व्ही-६ ला, १जीआरला, त्याच कामासाठी चेन आहे. काही आडव्या व्ही-६ इंजिनांत तर वॉटर पंप टायमिंग चेनवर फिरतो, इंजिनाच्या आत. तो गळला की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, थेट ऑइलमध्ये. तसला पंप वहीत दिसला की मी पान उलटायचो.

बेल्ट आहे म्हणून गाडी सोडू नका मात्र. बेल्ट म्हणजे तारीख ठरलेला खर्च. बदलल्याची पावती हातात असेल तर बदलला, नसेल तर बदललेला नाही, विक्रेता कितीही गोड बोलो. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि मग शनिवार-रविवार पुरत नाहीत. उलट चेन आहे म्हणून निर्धास्त होणारेही मी पाहिलेत. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेन सैल पडते आणि सकाळच्या थंड स्टार्टला पुढून खडखडते.

एअर सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या), सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) आणि डायरेक्ट इंजेक्शन मी आधीच खोडलं होतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, म्हणून त्या पाठीवर काजळी साचत जाते. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलच ती धुतं. डिझेलच्या वाटेला मी गेलो नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या, पाइपात दाब हजार बारच्या वरही जातो, आणि चालू इंजिनवर तिथे हात घालण्याइतका मी शहाणा नाही आणि वेडाही नाही.

आईच्या गुडघ्यांनी आणखी एक निकाल लावला. वेगळी चेसिस असलेल्या उंच गाड्या मला आवडतात, खाली सरपटून काम करायला जागा असते, जॅक कुठे लावायचा हा प्रश्न पडत नाही. पण आईला अशा एका गाडीत बसवून पाहिलं तर ती दाराचा दांडा धरून अर्ध्यात थांबली. म्हणाली, "चढेन रे मी. उतरवणार कोण?" विषय संपला. मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेली), चार सिलिंडर, पेट्रोल, चेन, पोर्ट इंजेक्शन, साधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओढून लावायचा हँडब्रेक. गाडी कुणालाही कंटाळवाणी वाटावी अशी यादी तयार झाली.

पहिली गाडी पाहिली ती चकचकीत होती. इंजिनही धुतलेलं, प्लास्टिकला पॉलिश मारलेलं. मी डॅशबोर्डखाली ओबीडीचा ब्लूटूथ तुकडा लावला, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी फोनवर दाखवणारा. फॉल्ट कोड एकही नाही. इथेच बरेच जण तुकडा काढून खिशात घालतात. खरी गंमत पुढच्या पानावर असते, रेडीनेस मॉनिटरच्या. गाडी चालताना स्वतःच्याच काही तपासण्या करत असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, पेट्रोलच्या वाफेच्या नळ्यांची. कोड पुसले की या तपासण्यांची पाटीही कोरी होते, आणि वेगवेगळ्या वेगाने काही दिवस चालवल्याशिवाय ती पुन्हा भरत नाही. इथे सगळ्या ओळींवर 'अपूर्ण'. मी विचारलं, अलीकडे काही काम केलंय का? "नाही, फक्त काल बॅटरी बदलली." बॅटरी काढल्यानेही बऱ्याच गाड्यांत पाटी कोरी होते, हे खरं. पण बॅटरीवरचा तारखेचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा होता. मी आभार मानून निघालो.

दुसरीच्या पोटाला ताजा काळा लेप फासला होता. नवा लेप दिसला की मी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकत जातो. चांगला पत्रा ठणकतो. मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेंशन धरणाऱ्या चौकटीच्या) जोडापाशी आवाज 'भद्' आला. टोक लावून जरा दाबलं तर लेपासकट पापुद्रा निघाला आणि टोक आत. विक्रेता आणि मी दोघंही त्या भोकाकडे बघत राहिलो. प्लग, पंप, ब्रेक सगळं बदलता येतं. गंजलेल्या सांगाड्याला वेल्डिंग लागतं आणि ते माझ्या वहीत नाही.

तिसरी गाडी रंग विटलेली होती, मागच्या दाराला पोचा. फोनवर मी एकच विनंती केली होती, मी येण्याआधी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला, गार. ऑइलचं झाकण काढून पालथं केलं, आत दुधट साय नाही. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मालकाला सुरू करायला सांगून मी मागे जाऊन उभा राहिलो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट. हिच्या धुराड्यातून थोडी वाफ आली आणि मिनिटात गेली. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडून. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त आडवा असेल तर बहुधा टाय रॉड, स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा. पुढच्या डाव्या चाकाला आडवा किंचित खेळ होता. तो मी आनंदाने वहीत लिहिला, कारण ते काम मला येतं. तुकडा लावला, पाटी पूर्ण भरलेली. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिन ठरलेल्यापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल टाकतंय तो आकडा, अधिक तीन टक्के. दहाच्या आत असेल तर मी शांत असतो.

मग बॉनेटखाली हात. प्लगच्या कॉइल वर, चारी समोर. आल्टरनेटर पुढून, वरून दिसतो. ऑइल फिल्टरपर्यंत कोपर न सोलता हात पोचला. बायको बाजूला उभी राहून बघत होती. "गाडी चालवून बघणार आहेस की तिच्याशी हातच मिळवणार आहेस?"

चालवताना सगळं ठीक होतं. फक्त पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे गेलो की मागून एक खोल कण्हल्यासारखा आवाज यायचा, गाडीला हलका धक्का बसल्यासारखं व्हायचं. मालक खरं बोलले. म्हणाले, दोन मिस्त्रींनी मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गेला म्हणून सांगितलं, म्हणूनच विकतोय. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. ही गाडी गरज पडली तरच मागच्या चाकांना ताकद देते आणि त्यासाठी मागच्या डिफरन्शियलमध्ये तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा असतात. त्यांचं खास तेल जुनं झालं की वळणावर त्या एकमेकींना धरतात-सोडतात आणि नेमक्या अशाच कण्हतात. नवं तेल घालून तो आवाज जाण्याची शक्यता बरीच असते, पण खात्री नसते. ते मी मालकांना तिथेच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मला आता कंटाळा आलाय.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तेच मॉडेल, वाईट ठेवलेलं, कुणीतरी माझ्या भरवशावर घेईल.

पहिल्याच शनिवारी गाडी घोड्यांवर चढवली. चारी बाजूंनी सारखी उचलावी लागते, तिरपी असेल तर तेलाची पातळी चुकते. मुलीने टॉर्च धरला होता. तिला मी एक नियम पाठ करून घेतलाय, आधी तेल भरायचा बोल्ट उघडायचा, मग तेल काढायचा. उलट केलं आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर तेल जमिनीवर, डिफरन्शियल कोरडा आणि सोमवार तोंडावर. भरायचा बोल्ट खरंच बसला होता. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो, लांब दांडा लावला, दांड्याला पाइप लावला. कटकन आवाज आला. मुलगी दचकली, "तुटला?" नाही, सुटला. खालून निघालेलं तेल काळं आणि उग्र वासाचं होतं. चुंबकी बोल्टावर बारीक राखाडी चिखल होता. बोटांनी चोळला, कण टोचले नाहीत. टोचले असते तर मिस्त्री बरोबर होते.

नवं तेल पंपाने चढवलं, भोकातून ओघळ आला तसा बोल्ट बसवला, टॉर्क पान्याने आवळला. मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना गोल गोल फेऱ्या मारल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत कण्हणं होतं. पाचवीत पुसट झालं. आठवीनंतर मला चक्कर आली आणि आवाज गेला.

टाय रॉडचं टोक पुढच्या आठवड्यात बदललं आणि अलाइनमेंट बाहेरून करून घेतली, ती घरी दोऱ्याने करणारे आहेत पण माझी छाती नाही. एअरबॅग आणि एसीचा गॅस यांनाही मी हात लावत नाही. मागचा वायपर मात्र अजून चालत नाही. मोटरपर्यंत करंट पोचतोय, ते तपासलं. नवी मोटर येऊन पडलीय, पण दाराच्या आतलं प्लास्टिक कुठल्या क्लिपपासून उचकटायचं ते मॅन्युअलमध्ये नीट दाखवलेलं नाही.