त्या दाराला कडी नव्हती

लग्नाला चार वर्षं झाली. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनीही तपासून घ्यायचं असतं, हे मला आता कळतंय. आमच्याकडे थायरॉइड, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी, गर्भनलिकांचा तो दुखरा एक्स-रे, सगळं बायकोचंच झालं. सगळं नॉर्मल. तेव्हा कुठे डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आणि यांचा रिपोर्ट?"

लॅबच्या काउंटरवर प्रश्न आला, "सीमेन ना? किती दिवसांचा गॅप?" (म्हणजे आधीच्या वीर्यपतनापासूनचा; दोन ते सात दिवसांचा लागतो.) "चार," मी हळूच म्हणालो. "किती?" रांगेतल्या आजोबांनाही कळलं.

सॅम्पल द्यायची खोली म्हणजे साधा संडास. कोपऱ्यात फिनेलची बादली, दाराला आतून कडी नाही. एका पायाने दार रेटून धरलं. दहाव्या मिनिटाला टकटक. "काका, झालं का? युरिनवाले थांबलेत." मी चौतीसचा! दचकलो आणि सुरुवातीचं सगळं डबीबाहेर. लाजेपायी बोललो नाही, उरलेलं देऊन आलो. सर्वांत जास्त शुक्राणू त्या सुरुवातीच्या भागातच असतात आणि सांडलं तर सांगायचं असतं, हे डबी हातात देताना कुणी सांगायला नको?

रिपोर्ट आला: वीर्य 0.6 मिली, मिलीला 50 लाख शुक्राणू. त्यावर छापलेलं किमान प्रमाण 1.4 मिली आणि 1 कोटी 60 लाख. दोन रात्री झोपलो नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझं कसं असेल? सूनबाईचंच पुन्हा करून बघा." बायको शेजारीच भाजी निवडत होती.

मॅडमनी दोनच गोष्टी विचारल्या. सगळं डबीत पडलं होतं का? आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप? डेंग्यू झाला होता, दोन महिन्यांपूर्वी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, आणि वृषणांना शरीरापेक्षा थोडं थंड राहावं लागतं. म्हणजे आजच्या डबीत तेव्हाचा ताप दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा करायचं ठरलं. ते तीन महिने मी कॅलेंडरकडे बघत काढले.

दुसऱ्या वेळी घरूनच सॅम्पल नेलं. डबी आदल्या दिवशी लॅबमधूनच आणली होती. तासाच्या आत पोचवायची, गार होऊ द्यायची नाही. मी स्कूटर चालवतोय, मागे बायको ब्लाउजमध्ये डबी धरून, आणि सिग्नल सुटत नाहीये. सॅम्पल काढताना तेल, साबण, साधा कंडोम काहीही वापरायचं नाही, हे आधी लिहायला हवं होतं.

मिलीला 2 कोटी 80 लाख. रिपोर्ट मी जिन्यातच तीनदा वाचला. आता फॉलिक्युलर स्टडी चालू आहे, म्हणजे बीज कधी फुटणार ते सोनोग्राफीने बघत राहायचं. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत, म्हणून बीज फुटायच्या आधीचे दिवस धरायचे. उद्या पाळीच्या बाराव्या दिवसाची सोनोग्राफी. सुट्टी टाकलीय, या वेळी मीही जातोय.