चाळीसगाव ते न्यूयॉर्क: विमानात सतरा तास, प्रवास साडेएक्केचाळीस तासांचा

लेकीच्या बाळंतपणासाठी जुलैत आम्ही दोघं चाळीसगावहून न्यूयॉर्कला गेलो. परत आल्यापासून गल्लीत एकच विचारणा: "कितला येळ लागना?" नुसतं तिकीट बघून याचं उत्तर सापडत नाही, म्हणून सगळा हिशेब मांडते.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. आम्ही दुबईमार्गे गेलो. मुंबई-दुबई साधारण १,९३० आणि पुढे ११,०२०. म्हणजे वळसा जेमतेम चारशे किलोमीटरचा. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. निघण्याआधी यांनी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दुबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून दाखवला होता. दोरा वर उत्तरेकडे सरकून युरोपवरून गेला. समोरच्या पडद्यावर विमानही तसंच गेलं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. आमचं विमान पहाटे ४.३० ला सुटणार आणि त्याच दिवशी दुपारी २.३० ला पोचणार. वाचताना दहा तास वाटतात. पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ते मिळवले की साडेएकोणीस तास होतात: दुबईपर्यंत तीन, तिथे अडीच, पुढे चौदा.

तारीख तर दोनदा वाचा. १५ तारखेची पहाट म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं. रेल्वेचं आरक्षण १४ च्या सकाळचं हवं, आणि तेही सकाळच्याच गाडीचं. आम्ही दहाला घर सोडलं. इगतपुरीला धो धो पावसात गाडी दीड तास उभी राहिली. चाळीसगाव-मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, पण दादरला उतरेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच झाले. दुपारच्या गाडीवर विसंबलो असतो तर जीव टांगणीला लागला असता. न्यूयॉर्कला सामान घेऊन बाहेर पडायला आणि लेकीच्या घरी पोचायला १५ च्या संध्याकाळचे सहा वाजले. दारातून दारापर्यंत साडेएक्केचाळीस तास.

गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. दुबईत एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. शाकाहारी जेवणही आधीच नोंदवा. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा आणि तासा-दोन तासांनी उठून चाला. चौदा तासांत माझ्या पायांवर मोज्यांचे वळ उमटले होते.

काळा मसाला मोठ्या सामानात टाका. अमेरिकेला जाताना हातातल्या पिशवीत ३५० मिलीलीटरहून जास्त पूड असली की जास्तीची तपासणी होऊ शकते. केळी, वांगी, ताजं काही नेऊ नका. नेलेला प्रत्येक खाऊ तिथल्या तपासणीत स्वतःहून सांगा. मी बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि केळीचे वेफर्स सांगितले, अधिकाऱ्यांनी डबा उघडून पाहिला आणि परत दिला. बिबड्या स्टीलच्या डब्यात, मधे सुती फडकं घालून ठेवल्या होत्या. दोनच मोडल्या.

येताना वरच्या हवेतला पश्चिमेचा वारा विमानाच्या पाठीशी असतो, त्यामुळे न्यूयॉर्क-दुबई साडेबारा तासांतच झालं. तरी मुंबईत उतरल्यावर घरच्या गाडीला निदान सहा तासांची सवड ठेवा.