पद्मिनीची मागची काच आणि रबराखालचा पत्रा

१९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या दुरुस्तीच्या कामातील ही नोंद फक्त मागच्या काचेपुरती आहे. कार्ब्युरेटर आणि ब्रेकचे काम गणपतीपूर्वी संपले होते आणि पुढचा क्रम दारांच्या रबरांचा ठरला होता. पण भाद्रपद सरता सरता शेजारच्या कलमांच्या बागेत बेणणी सुरू झाली, गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्याखाली जांभ्याचा एक खडा आला आणि तो गडग्यावरून उडून थेट मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्याजवळ आदळला. पाहता पाहता काचभर जाळी पसरली आणि मधला भाग आतल्या, मागच्या सीटमागील फळीवर कोसळला.

ती काच टफन होती, म्हणूनच ती अशी फुटली. कापून आणि वाकवून तयार झालेली काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि लगेच हवेच्या झोतांनी थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली व गाभा कायमचा ताणाखाली राहतो. अशी काच तळव्याने कितीही थोपटली तरी दाद देत नाही. मात्र टोकदार खड्याने पाडलेली भेग त्या दाबाखालच्या थरातून आरपार गाभ्यापर्यंत पोहोचली, की साठलेला ताण एकदम सुटतो आणि सगळ्या काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. याच कारणामुळे टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तिची कड घासता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. “दोन सूत मोठी आहे, घासून बसवून देतो,” असे म्हणणाऱ्याकडून काच न घेतलेलीच बरी.

तुकडे गोळा करण्याबद्दल फार लिहीत नाही. जाड हातमोजे घालावेत, सीट बाहेर काढावी आणि फळीखालच्या पोकळीत व्हॅक्यूमची नळी घालावी. जुने रबर मात्र फेकू नये. त्याचे काम पुढे आहे.

काच मिळेपर्यंत अनेकांनी ॲक्रिलिकची शीट तापवून वाकवून बसवण्याचा सल्ला दिला. मला तो मान्य नाही. कोकणातल्या लाल धुळीत ॲक्रिलिक पुसताना त्यावर ओरखडे उठतात आणि रात्री मागच्या गाडीचा प्रकाश त्यात विखुरतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि ती मान्यताप्राप्त सुरक्षा प्रकारातलीच असली पाहिजे. जुन्या काचेवर आधीच्या मालकाने काळी फिल्म लावलेली होती. काचांवर अशी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली असल्यामुळे नव्या काचेवर ती लावण्याचा प्रश्नच नव्हता.

पद्मिनीची काच नव्या गाडीच्या काचेसारखी फोन करून मागवता येत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिच्या सुट्या भागांचा बाजार बरीच वर्षे जिवंत राहिला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली. टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर त्यांच्या काचा बाजारात येत राहिल्या. आता जे उरले आहे ते उरलेलेच आहे. मला काच मिळाली ती कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या सामानाच्या बाजारात, वापरलेली पण निर्दोष.

वापरलेली टफन काच पारखताना मी मधल्या ओरखड्यांपेक्षा काठ अधिक बारकाईने पाहतो. काठावरून नख फिरवताना कुठे टवका लागला, तर ती काच दिसायला कितीही स्वच्छ असो, बसवताना दगा देऊ शकते. दुसरी परीक्षा सोपी आहे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वेळी सूर्य एका बाजूला असताना, निरभ्र आकाश काचेतून दिसेल अशा बेताने ती उभी धरावी आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहावे. टफन काचेत थंड करणाऱ्या झोतांच्या खुणा करड्या ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या रूपात दिसतात. नुसत्या डोळ्यांना त्या क्वचितच दिसतात आणि दिसल्या तर तो दोष नव्हे.

काच मुंबईहून आणताना ती आडवी ठेवली नाही. भाताच्या पेंढ्यावर गोधडी घालून काच काठावर उभी केली आणि दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. मुंबई-गोवा महामार्गाचे वर्णन कोकणातल्या वाचकांना मी करण्याची गरज नाही.

काच घरी आली तेव्हा खरे काम सुरूही झाले नव्हते. आमच्याकडे डेंटिंगचे काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीला फेरी मारली आणि काचेकडे न बघता म्हणाले, “काच बसवायला अर्धा तास पुरे. आधी रबराखाली काय आहे ते बघा.” जुने रबर ओढून काढले तेव्हा काचेच्या चौकटीची वरची आणि बाजूची कड बरी निघाली, पण खालचे दोन्ही कोपरे पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होते. या चौकटीची कड म्हणजे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, आणि गंज धरतो तो त्या दोहोंच्या मध्ये. वरून रंग फुगलेला दिसेपर्यंत आतले बरेच काही गेलेले असते.

उजव्या कोपऱ्यातून स्क्रूड्रायव्हरने जे बाहेर काढले त्यात लाल माती, सुरूच्या सुईसारख्या पानांचा कुजलेला गोळा आणि गंजाचे पापुद्रे एकमेकांत मुरलेले होते. घर रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनाऱ्याच्या बाजूला असल्याने गाडीवर सुरूची पाने बारा महिने पडतात. ती काचेवरून घसरून खालच्या रबराच्या खाचेत साठतात आणि पावसाळाभर ओली राहतात. त्यात खारे वारे मीठ आणून टाकतात. या मिठाची खोड अशी, की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून स्वतः विरघळते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली फारशी उतरतच नाही. म्हणजे पाऊस थांबला, गाडी शेडमध्ये उभी आहे, वरचा पत्रा हाताला कोरडा लागतो आहे, तरी रबराखालची कड ओलीच असते. पुण्याच्या गाडीची आणि आमच्या गाडीची तुलना करताना लोक पावसाचे मिलिमीटर मोजतात. माझ्या मते पत्र्याचे खरे नुकसान पाऊस नसलेल्या दमट दिवसांत होते.

डाव्या कोपऱ्यातला गंज वरवरचा होता. तो वायर ब्रशने आणि नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, मग फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंजरोधक द्रावण लावून तो भाग काळपट होऊ दिला. उजवीकडे मात्र पत्रा कापावाच लागला. तेथे लांबी (पुट्टी) भरून कड उभी करता येते आणि रंगाखाली ती दिसतही नाही, पण रबर धरून ठेवण्याचे काम कडेचे असते आणि लांबीला ती ताकद नसते. मिस्त्रींनी २० गेजच्या पत्र्याचा तुकडा कोपऱ्याच्या वळणाला जुळेपर्यंत ठोकून घेतला आणि मिग वेल्डिंगने एकेक टाका देत, मध्ये पत्रा थंड होऊ देत बसवला. सलग वेल्डिंग केले असते तर एवढा पातळ पत्रा तापून वाकला असता आणि काचेची चौकटच वेडीवाकडी झाली असती. टाके घासून कडेची जाडी पूर्वीइतकीच ठेवली, कारण कड जाड झाली तर रबराची खाच तिच्यावर बसत नाही.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात. घासलेल्या पत्र्याच्या खळग्यांत मीठ उरलेले असते आणि त्यावर रंग दिला तर काही महिन्यांत खालून फोड येतात. म्हणून प्राइमरच्या आधी कड गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि पावसानंतर गोड लागत असले तरी मी त्यावर भरवसा ठेवला नाही. शेवटच्या धुण्यासाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरले. धुतल्यावर लगेच हेअर ड्रायरने पत्रा कोरडा केला. किनाऱ्यावर उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. त्यामुळे घासणे, धुणे, वाळवणे आणि इपॉक्सी प्राइमरचा पहिला हात हे सारे एकाच दिवसात उरकले. दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग डोंगराकडून येऊ लागतात, म्हणून सकाळी लवकर सुरुवात केली होती. दोन पत्र्यांमधल्या फटीत प्राइमर पातळ करून बारीक ब्रशने सोडला आणि त्यावर सीम सीलरची रेघ ओढली. रंग पूर्ण वाळेपर्यंत काचेला हात लावला नाही.

नवे रबर घेताना जुने उपयोगी पडले. त्याचा बोटभर तुकडा ब्लेडने सरळ कापला की आतल्या तिन्ही खाचा स्पष्ट दिसतात: एक काचेची, एक पत्र्याच्या कडेची आणि एक बाहेरच्या चमकदार पट्टीची. दुकानात दाखवलेले पहिले रबर लांबीला बरोबर होते, पण त्याची कडेची खाच उथळ होती. असे रबर बसते, मात्र पहिल्या खड्ड्यात कोपऱ्यावरून सुटण्याची भीती राहते. दुसऱ्या दुकानात जुन्या तुकड्याशी तंतोतंत जुळणारे मिळाले.

काच बसवण्याची पद्धत दोरीची आहे. आधी रबर काचेवर चढवायचे, जोड खालच्या बाजूला मध्यावर ठेवायचा आणि मग पत्र्याच्या कडेच्या खाचेत सभोवार दोरी घालून तिची दोन्ही टोके खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडायची. दोरीची निवड येथे महत्त्वाची आहे. काथ्या किंवा सुतळी खाचेत अडकते, तिचे तंतू तुटून आत राहतात आणि पुढे पाणी शोषतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारी चार मिलिमीटरची नायलॉन दोरी सर्वांत उत्तम, कारण ती गुळगुळीत असते आणि कितीही ओढली तरी तुटत नाही.

रबर सरकावे म्हणून काहीतरी लावावे लागते आणि येथे प्रत्येक घरातून पहिली सूचना खोबरेल तेलाची येते. तेल आणि ग्रीस यांनी रबर फुगते व कालांतराने मऊ पडते, म्हणून ते नको. भांडी घासण्याच्या पातळ साबणात बहुधा दाटपणासाठी मीठ घातलेले असते, आणि मीठ धुऊन काढण्यासाठी एवढी खटपट केल्यावर तेच पुन्हा खाचेत ओतण्यात अर्थ नाही. मी रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळलेले पाणी वापरले. त्याचा फेस पुरेसा निसरडा असतो.

रबर तासभर उन्हात ठेवून मऊ केले आणि काच चौकटीवर टेकवली. भाचा बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरत होता आणि मी आतून खालच्या मध्यापासून दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने ओढत होतो. दोरी सुटत जाते तशी रबराची आतली जीभ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येते आणि त्या वेळी होणारा “पट पट” असा आवाज ऐकू आला की ती नीट बसते आहे असे समजावे. खालची बाजू सरळ गेली. कोपऱ्यांवर मात्र घाई चालत नाही. दोरी ओढण्याआधी बाहेरचा दाब नेमका त्याच कोपऱ्यावर आणावा लागतो, नाहीतर जीभ दुमडून कडेखालीच राहते. नव्या पत्र्याच्या कोपऱ्यावर ती एकदा अडकली तेव्हा लाकडी आइस्क्रीमच्या काडीने उचलून घेतली. स्क्रूड्रायव्हरचे टोक काचेच्या काठाजवळ नेणे मला पसंत नाही. वरची बाजू शेवटी बसवली.

रबर आणि पत्रा यांच्यामध्ये बाहेरून न सुकणारे, मऊ राहणारे सीलंट बारीक नळीने भरले. बाजारात सहज मिळणारे, आंबूस वासाचे सिलिकॉन येथे वापरू नये, कारण सुकताना त्यातून निघणारे ॲसेटिक ॲसिड पत्र्याला गंजवते. खालच्या उजव्या कोपऱ्यातला जुना पांढरा थर त्याच सिलिकॉनचा होता आणि गंजही त्याच्याखालीच अधिक होता.

पाण्याची परीक्षा खालून वर घेतली. आत वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून एकाने टॉर्च घेऊन बसायचे आणि बाहेरून साध्या नळीचे पाणी आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर आणि शेवटी वर सोडायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि गळते कुठून ते कळत नाही. सर्व्हिस सेंटरसारखा जोराचा फवारा तर मुळीच नको, कारण तो पावसात कधीच न शिरणाऱ्या जागीही पाणी घुसवतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात कागदावर एक ओला ठिपका आला. तेथे रबराची जीभ बसलेली होती, पण सीलंटची रेघ खंडित होती. ती भरून पुन्हा पाणी सोडले तेव्हा कागद कोरडा राहिला.

बाहेरची चमकदार पट्टी अजून बसलेली नाही. जुनी पट्टी अॅल्युमिनियमची असून खालच्या बाजूला खाऱ्या हवेने पांढरे चट्टे धरलेले आहेत. ते बारीक पॉलिशने बरेचसे निघाले, पण दोन पट्ट्यांच्या जोडावर बसणारी छोटी क्लिप या गाडीत आधीपासूनच नव्हती. कोणाकडे जादा असल्यास तिची रुंदी मोजून कळवावी. त्यादरम्यान फळीखालून जाणारे पाणी आजवर डिकीच्या ज्या तळाशी साचत होते, तेथला रबरी गालिचा उचलून पत्रा घासायला घेतला आहे.